अस्ताना, नूर-सुलतान, पुन्हा अस्ताना

माझी सामान्यज्ञानाची तयारी किती कच्ची आहे, हे मला एका शहरानं दाखवलं. मुलाखतीत प्रश्न आला, "कझाकस्तानची राजधानी कोणती?" मला मनातल्या मनात हसू आलं. बाकीचे 'अस्ताना' म्हणून फसतील, आपल्याला मात्र नवं नाव पाठ आहे! "नूर-सुलतान," मी ठणकावून सांगितलं. समोरचे गृहस्थ म्हणाले, "आज कोणती?" मी पुन्हा तेच म्हटलं, वर "२०१९मध्ये नाव बदललंय सर" असंही ऐकवलं. त्यांनी नुसती मान हलवली आणि पुढचा प्रश्न घेतला. बाहेर येऊन फोनवर बघितलं, तर सप्टेंबर २०२२मध्येच शहराला जुनं नाव परत मिळालेलं. माझं पुस्तक त्याआधीचं होतं.

पुस्तकाच्या नावानं बोटं मोडता आली असती. पण नाव मुळात का बदललं, हेच मला ठाऊक नव्हतं. नूरसुलतान नझरबायेव जवळजवळ ३० वर्षं देश चालवून मार्च २०१९मध्ये राष्ट्राध्यक्षपदावरून उतरले, तेव्हा राजधानीला त्यांचं नाव दिलं गेलं. जानेवारी २०२२मध्ये इंधनाच्या दरवाढीवरून देशभर भडका उडाला, नझरबायेव यांचं वजन उतरलं आणि काही महिन्यांत शहराच्या पाटीवरूनही ते गेले. एवढा धागा हाती असता, तर जानेवारीतली बातमी वाचतानाच 'आता या नावाचं काय होणार?' असं मनात आलं असतं. आणखी मागं जा. सोव्हिएत काळात, १९६१पासून, हेच शहर त्सेलिनोग्राद, म्हणजे 'न कसलेल्या जमिनीचं शहर' होतं, कारण सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांच्या मोहिमेत तिथली न कसलेली गवताळ जमीन नांगराखाली आणली जात होती. १९९७पर्यंत राजधानी होती अल्माटी. आणि 'अस्ताना' या शब्दाचा कझाक भाषेत अर्थच राजधानी!

त्यानंतर मी राजधान्यांची यादी घोकणं सोडलं. ज्यांच्यामागं काहीतरी भानगड आहे, अशा दहा-बारा आधी घेतल्या. सिडनी आणि मेलबर्न यांच्या चढाओढीत तिसरीकडेच वसवलेलं कॅनबेरा. १९६०मध्ये किनाऱ्यावरचं रिओ सोडून आत, पठारावर नेलेली ब्राझिलिया. बोलिव्हियाचं सरकार बसतं ला पाझमध्ये, राज्यघटना राजधानी म्हणते सुक्रेला. या नीट कळल्या की बाकीच्या नकाशा चाळता चाळता येतात.

राजकारण हा विषय घेतला, तर नवख्यांचं गाडं अडतं ते पदांवर. जर्मनीतही राष्ट्राध्यक्ष, फ्रान्समध्येही राष्ट्राध्यक्ष, अमेरिकेतही. मग फरक काय? मी एकच प्रश्न विचारत गेले: संसदेनं पाठिंबा काढला तर घरी कोण जातं? जर्मनीत चॅन्सलर, म्हणजे तिथला सरकारप्रमुख जातो, तोही पर्यायी चॅन्सलर निवडला तरच. १९८२मध्ये हेल्मुट श्मिट असेच गेले आणि हेल्मुट कोल आले. फ्रान्समध्ये पंतप्रधान जातो, राष्ट्राध्यक्ष जागचा हलत नाही. अमेरिकेत पंतप्रधानच नाही, आणि निव्वळ अविश्वास ठरावानं राष्ट्राध्यक्षाला हटवताही येत नाही. त्यासाठी महाभियोगाचा लांबचा रस्ता आहे.

वर्तमानपत्रांबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगते, कारण तिथं मी बरेच महिने चुकीचं वाचत होते. माझा नियम होता: बातमी तीन ठिकाणी वाचली की पक्की. वहीत तीन बरोबरच्या खुणा करायच्या आणि पुढं जायचं. एकदा तिन्ही कात्रणं शेजारी शेजारी ठेवली, तर दुसरा परिच्छेद शब्दश: सारखा! सुरुवातीला बारीक अक्षरात एकाच वृत्तसंस्थेचं नाव होतं. म्हणजे बातमी एकीनंच दिलेली, छापली तिघांनी. असोसिएटेड प्रेस १८४६पासून आणि रॉयटर्स १८५१पासून हेच काम करतात. सगळीकडे स्वत:चा बातमीदार पाठवणं कुणालाच परवडत नाही. यात लबाडी काही नाही, पण ती तीन साक्षी म्हणून धरू नका. दुसरं म्हणजे 'मॉस्कोनं नकार दिला', 'वॉशिंग्टन नाराज' असले मथळे. शहर काही बोलत नसतं. नक्की कोण बोललं, मंत्री, प्रवक्ता की नुसती 'सूत्रं', ते खाली शोधायचं. सापडलं नाही, तर मी ती बातमी वहीत घेतच नाही.

विज्ञानात नोबेलच्या याद्यांपेक्षा व्याख्या बघा, असं माझं मत. प्लूटो २००६मध्ये ग्रहांच्या यादीतून गेला, म्हणजे आकाशात काही घडलं नाही. 'ग्रह' कशाला म्हणायचं हे ठरवलं गेलं.

पुढच्या मुलाखतीत राजधान्या कुणी विचारल्याच नाहीत. विचारलं काय, तर किलोग्रॅम म्हणजे किती! १८८९पासून पॅरिसजवळ जपून ठेवलेला, 'हाच एक किलोग्रॅम' असा मानलेला प्लॅटिनम-इरिडियमचा ठोकळा, त्याच्या आणि त्याच्या प्रतींच्या वजनात शंभर वर्षांत पडलेला काही मायक्रोग्रॅमचा फरक, मग मे २०१९पासून प्लांकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या राशीवर बेतलेली व्याख्या, असं सगळं सांगितलं. "मग मोलची व्याख्या कशी बदलली?" असा पुढचा प्रश्न आला. मोल म्हणजे पदार्थातले कण मोजायचं एकक, पण त्याच्या व्याख्येचं मी वाचलं नव्हतं. "माहीत नाही," म्हटलं, आणि या वेळी वर काही ऐकवलं नाही.