सिझरमध्येच गाठ काढायची म्हणताय? मग आधी एवढं करा

धाकट्या जावेच्या बाळंतपणाच्या वेळी गर्भपिशवीत फायब्रॉईडची (स्नायूची, कॅन्सर नसलेली) गाठ होती आणि घरात सगळ्यांचं एकच, पोट उघडणारच आहेत तर गाठ पण काढून टाका की, दोनदा कशाला फाडायचं. तर पहिली तयारी ही की डॉक्टरांना हे विचारा, पण हट्ट धरू नका. नवव्या महिन्यात गर्भपिशवीला मिनिटाला अर्धा लिटर किंवा जास्तच रक्त जात असतं, त्यात भिंतीत खोल बसलेली गाठ कोरायला गेलं की रक्तस्राव आवरणं अवघड होऊ शकतं, शिवाय बाळंतपणानंतर बऱ्याच फायब्रॉईडच्या गाठी आपोआप लहान होतात. देठाला लटकलेली असेल नाहीतर बाळ काढायच्या वाटेतच आली असेल तर काढतात कधीकधी. म्हणून शेवटच्या सोनोग्राफीत गाठ किती सेंटीमीटर, कुठल्या भागात, वार (बाळाला पोसणारी, प्लासेंटा) तिच्यावर आहे का, हे रिपोर्टात लिहून घ्या आणि जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे एकाच फायलीत.

हिमोग्लोबिन सातव्या महिन्यापासूनच बघा, 11 च्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्या नाहीतर शिरेतून लोह, डॉक्टर सांगतील ते, शेवटच्या आठवड्यात बीट आणि खजूर खाऊन काय होत नाही. क्रॉसमॅच करून (म्हणजे आपल्या रक्ताशी जुळतं का बघून) रक्ताच्या पिशव्या किती राखायच्या ते विचारा, रात्री रक्तपेढीत धावणारा माणूस आधीच ठरवा, निगेटिव्ह गट असेल तर आठवडाभर आधीपासून फोन लावा.

सहीचा कागद आदल्या दिवशी नवरा-बायकोनं मिळून वाचा. रक्त थांबलंच नाही तर पिशवी (म्हणजे गर्भपिशवी) काढावी लागेल असं त्यात असतं, क्वचितच होतं तसं, पण आमच्या सासूबाईंना आधी रक्ताची पिशवी वाटली आणि कळल्यावर मटकन खालीच बसल्या.

कपडे, पॅड वगैरे सगळ्यांना माहितीय, फक्त मुक्काम एखाद-दोन दिवस वाढेल असं धरून भरा. तारीख ऑगस्टातली आणि घर सांगलीवाडीकडं असेल तर कृष्णेचं पाणी चढायच्या आधीच मिरजेत कुणाकडं तरी जाऊन रहा, 2019 चा पूर आठवतोय ना.

गाठ काढली तर तपासायला पाठवली का, आणि काप आतल्या अस्तरापर्यंत गेला होता का, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून मागा, पुढच्या खेपेला डॉक्टर तेच विचारणार. जावेची शेवटी काढलीच नाही, भिंतीतच होती म्हणे, आता पुढच्या महिन्यात परत सोनोग्राफीला जायचंय.