जुनं कपाट घेताना आधी खण ओढून बघा

दर्शनी भागाला नवं पॉलिश कुणीही मारू शकतं, म्हणून जुनं कपाट पारखताना खण पूर्ण बाहेर काढा. कोपऱ्यातले डव्हटेल जोड (कबुतराच्या शेपटीसारखे पसरट, एकमेकांत अडकणारे लाकडी दाते) थोडे कमीजास्त मापाचे असतील तर ते बहुधा हाताने कापलेले. अगदी एकसारखे असतील तर यंत्राचं काम. (यंत्राचं म्हणजे वाईट असं मुळीच नाही, पण किंमत त्या हिशेबाने द्या.) लाकडात बारीक भोकं दिसली तर तिथे टिचक्या मारा. ताजा, फिकट भुसा पडला तर आत कीड जिवंत असण्याची शक्यता मोठी. मी तरी असं कपाट घरात आणणार नाही. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तो कोरडा घासू नका. आणि पैसे देण्याआधी जिन्याचं वळण मोजा.