हाताने बनवलेली हॅट घेताना काय काय बघायचं

फुटपाथवर दोनशेला मिळते मग हजारो रुपये कशाला घालायचे, असं मला बरेच जण विचारतात. मिळते ना, पण ती साच्यात दाबून काढलेली असते, आणि हाताची हॅट लाकडी ठोकळ्यावर वाफ देत देत ओढून बसवलेली असते, मापाची असेल तर कपाळावर वळ उठत नाही आणि टेकडीवर वारा सुटला तरी सारखा हात डोक्यावर ठेवावा लागत नाही. पुणेरी पगडीचंही तेच की, चांगली हवी तर आधी डोक्याचं माप द्यावं लागतं.

तर माप आधी. शिंप्याकडे असते ती टेप कानाच्या साधारण १ सेंटीमीटर वरून, कपाळाच्या मधून आणि मागच्या फुगीर भागावरून फिरवा, आवळू नका, दोन-तीनदा मोजा. ५८ सेंटीमीटर आलं तर तुमचा नंबर ५८. मधलं काही आलं तर मोठा नंबर घ्या, आतल्या पट्ट्याखाली फोमची पातळ पट्टी घालून भागतं, लहान हॅट ताणायला गेलात तर आकार जातो. ऑर्डर देताना डोकं गोल आहे की लांबट तेही सांगा, नंबर बरोबर असूनही टोचते त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

पुण्याचा उन्हाळा बघता पहिली हॅट स्ट्रॉचीच, म्हणजे वाळलेल्या गवताची किंवा पानांच्या पट्ट्यांची विणलेली घ्या. पनामा हॅट खरं तर इक्वाडोरची, टोकिया नावाच्या ताडासारख्या झाडाच्या पानांच्या बारीक पट्ट्यांची, पनामामार्गे जगभर जायची म्हणून ते नाव पडलं, आणि या विणकामाला युनेस्कोने २०१२ मध्ये वारसा यादीत घेतलंय. हातात आली की उजेडाकडे धरा. वीण माथ्याच्या मधोमध सुरू होऊन गोल गोल बाहेर येताना दिसते, ती जितकी बारीक तितके विणणाऱ्याचे दिवस जास्त, सगळ्यात बारीक हॅटला तर महिने लागतात. ते बघताना मला दरवेळी त्या माणसाची बोटं डोळ्यासमोर येतात. मग ब्रिमची, म्हणजे हॅटच्या बाहेर आलेल्या गोल झालरीची कड बघा, पट्ट्या परत आत विणून बंद केल्यात का, कापून शिवलेली असेल तर तेवढी मेहनत वाचलीय, भावही कमी हवा.

दुसरा प्रकार फेल्टचा, म्हणजे न विणता वाफेने दाबून घट्ट केलेल्या केसांच्या कापडाचा. फेल्टमध्ये लोकरीचं स्वस्त, पण भिजलं की ढिलं पडतं. सशाच्या किंवा बीव्हर नावाच्या प्राण्याच्या फरचं पातळ असूनही बोटांना घट्ट लागतं आणि वर्षानुवर्षं टिकतं.

आता सांभाळायचं कसं. माझी एक हॅट एप्रिलमध्ये दुपारभर बंद गाडीत राहिली, आतला चामड्याचा पट्टा आक्रसला आणि ती परत कधी नीट बसलीच नाही, खूप वाईट वाटलं होतं. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत अजिबात ठेवू नका, बुरशी धरते, सुती कापडात गुंडाळा. भिजली तर ड्रायर नको, आतला पट्टा बाहेर वळवून त्याच्यावरच उभी ठेवा आणि पंख्याखाली वाळू द्या. काढताना माथ्याला चिमटीत धरायची सवय असेल तर सोडा, स्ट्रॉला पहिली चीर तिथेच जाते, दोन्ही हातांनी ब्रिम धरून उचला आणि टेबलावर ठेवताना उलटी ठेवा.