पाळीव कुत्र्या-मांजरांच्या नसबंदीसाठी सार्वजनिक मदत: नाशिकमधील अल्प उत्पन्न कुटुंबांनी काय करावे

घरातली कुत्री साधारणपणे वर्षातून दोनदा माजावर येते आणि गाभण राहिल्यास सुमारे 63 दिवसांत विते. मांजरीचे चक्र त्याहून जलद असते, कारण पिल्ले अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. वडाळागाव, फुलेनगर किंवा सातपूरच्या कामगार वस्तीतील रोजंदारीच्या कुटुंबाला खासगी दवाखान्यातील नसबंदीचे काही हजार रुपये झेपत नाहीत, आणि नको असलेली पिल्ले अखेर रस्त्यावरच येतात. म्हणून हा खर्च सार्वजनिक पैशातून कसा भागवता येईल, हे प्रत्येक मालकाने नीट समजून घेतले पाहिजे.

प्राणी जन्म नियंत्रण नियम, 2023 नुसार भटक्या श्वानांची नसबंदी आणि लसीकरण स्थानिक स्वराज्य संस्थेने करायचे असते, तर पाळीव जनावराची नसबंदी, लस आणि जंतनाशक औषध ही मालकाची जबाबदारी मानली जाते. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या सुधारित योजनेतील प्रति श्वान 800 आणि प्रति मांजर 600 रुपयांचे साहाय्यही प्राणी कल्याण संस्था व स्थानिक स्वराज्य संस्थांना मिळते, मालकाच्या हातात पडत नाही. त्यामुळे आपला कुत्रा पट्टा काढून ‘भटका’ म्हणून महापालिकेच्या गाडीत देण्याचा मोह काहींना होतो. तसे मुळीच करू नये. त्या गाडीतून नेलेल्या श्वानाच्या कानाला खूण करून त्याला साधारणपणे पकडलेल्या जागीच सोडले जाते, आणि घराची सवय असलेले, जखम ओली असलेले जनावर रस्त्यावर एकटे पडते. मात्र जो कुत्रा कोणा एका घरचा नाही, ज्याला सगळी गल्ली भाकरी घालते, त्याची नसबंदी महापालिकेनेच करायची आहे. त्यासाठी राजीव गांधी भवनातील पशुसंवर्धन विभागाकडे किंवा आपल्या विभागीय कार्यालयात लेखी मागणी करावी.

घरच्या जनावरासाठी पहिले दार सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचे आहे. कुत्र्या-मांजरांच्या शस्त्रक्रियेची सोय प्रत्येक लहान दवाखान्यात असतेच असे नाही, म्हणून जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात आधी जनावर न नेता चौकशी करावी. शस्त्रक्रिया कोणत्या वारी होतात आणि शासनाचे सेवाशुल्क किती, हे तर विचारावेच. पण भूल, टाक्यांचा दोरा आणि प्रतिजैविके दवाखान्यात उपलब्ध आहेत की बाहेरून आणावी लागतील, हे त्याहून आवर्जून विचारावे, कारण शुल्क अल्प असले तरी औषधांची चिठ्ठी हातात पडल्यावर अनेक कुटुंबे तेथूनच माघारी फिरतात.

ही औषधे परवडत नसतील तर एकट्याने विनवण्या करण्यापेक्षा वस्तीने मिळून अर्ज करणे अधिक परिणामकारक ठरते. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली काम करणारी जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी आणि महापालिका आयुक्त, या दोघांनाही अर्ज द्यावा. अर्जाची भाषा नेमकी असावी: “आमच्या वस्तीत अल्प उत्पन्न कुटुंबांकडे खालील यादीप्रमाणे पाळीव कुत्री व मांजरे आहेत. त्यांची नसबंदी व रेबीज लसीकरण करण्यासाठी वस्तीत किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मोफत शिबिर घ्यावे आणि औषधांचा खर्च उपलब्ध निधीतून करावा, ही विनंती.” यादीत प्रत्येक जनावराचे लिंग, अंदाजे वय व लसीची नोंद लिहावी आणि पिवळ्या किंवा केशरी शिधापत्रिकेची अथवा तहसील कार्यालयाच्या उत्पन्न दाखल्याची प्रत जोडावी. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात, श्वान नसबंदीसाठी गेल्या आर्थिक वर्षात किती तरतूद होती आणि प्रत्यक्ष किती खर्च झाला, हे विचारावे. अर्जाचे शुल्क 10 रुपये असून दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला तेही माफ आहे. उत्तरासाठी सर्वसाधारण मुदत 30 दिवसांची आहे. हे आकडे हाती असले की पुढच्या अंदाजपत्रकात पाळीव जनावरांच्या शिबिरासाठी वेगळी तरतूद मागताना नगरसेवकालाही मुद्दा मांडणे सोपे जाते. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी कशावर खर्च करता येतो त्या यादीत, प्राणी कल्याणाचा समावेश असल्याने अंबड-सातपूरच्या कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून शिबिरातील औषधांचा खर्च मागणेही रास्त आहे. अशा वेळी कंपनीकडे एखाद्या नोंदणीकृत संस्थेमार्फत जावे.

तारीख मिळाली की तयारीत हयगय करू नये. कुत्रे सहा महिन्यांचे झालेले असावे. माजावर असलेल्या कुत्रीत रक्तस्रावाचा धोका वाढतो, त्यामुळे माज संपून दोन-तीन महिने गेल्यावरची वेळ उत्तम. आदल्या रात्रीनंतर खायला देऊ नये, नाहीतर भुलीत उलटी होऊन ती श्वसनमार्गात जाऊ शकते. लहान पिल्लांना मात्र इतका वेळ उपाशी ठेवता येत नाही, त्यांच्याबाबत डॉक्टरांना विचारावे. परत आणताना रिक्षात जुनी चादर अंथरावी, मान सरळ ठेवावी आणि पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणी पाजू नये. टाके साधारण 10 ते 14 दिवसांनी काढतात. तोवर आंघोळ घालू नये, जखम चाटू देऊ नये, आणि पावसाळा असेल तर जनावर ओल्या ओट्यावर न बांधता कोरड्या पोत्यावर ठेवावे. जखमेला सूज, पू किंवा दुर्गंधी दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. नसबंदीचे प्रमाणपत्र मागून घ्यावे आणि रेबीज लसीच्या नोंदीसोबत जपून ठेवावे. महापालिकेचा श्वान परवाना काढताना लसीचा पुरावा लागतो.