पहिली लढाऊ आरसी (रिमोटवरची) युद्धनौका बांधताय? सांगाडा हलका ठेवा, वजन तळाला आणि पंप मोकळा

रिमोटवरच्या युद्धनौका तळ्यात सोडायच्या, एकमेकींवर बारीक छर्रे झाडायचे, आणि जिच्यात जास्त भोकं पडून पाणी भरलं ती खरंच बुडते, असा हा खेळ. १९७० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत टेक्ससमध्ये सुरू झाला. जास्त करून १:१४४ स्केल चालतं. बोटीची कातडी बाल्सा लाकडाची असते, फास्ट गन नावाच्या प्रकारात फक्त १/३२ इंच, म्हणजे ०.८ मिमी, आणि छर्रे साधारण ४.५ मिमीचे. बोट बुडली की दोरी बांधलेला फ्लोट वर येतो, दोरी ओढून बोट काढायची, भोकं बुजवायची आणि परत पाण्यात.

नवीन माणसाला पहिल्या झटक्यात यामाटो, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली जपानची अवाढव्य युद्धनौका, बांधायची असते. खरी यामाटो २६३ मीटर, म्हणजे मॉडेल १ मीटर ८३ सेंमी आणि वजन वीस किलोच्या वर, ती पाण्यात उतरवायलाच दोन माणसं लागतात. माझं मत स्पष्ट आहे, पहिली बोट आखूड आणि रुंद घ्या. मला स्पेनची एस्पान्या फार आवडते, जगातली सगळ्यात छोटी ड्रेडनॉट (सगळ्या मोठ्या तोफा एकाच मापाच्या असलेली जुन्या काळची युद्धनौका), लांबी १४० मीटर, रुंदी २४ मीटर, नॉर्मल डिस्प्लेसमेंट, म्हणजे नेहमीच्या भारासकट जहाजाचं वजन, १५,७०० टन. लांबीला १४४ ने भागा, ९७ सेंमी येतात, रुंदी १६.७ सेंमी. वजनाला मात्र १४४ ने तीनदा भागायचं, म्हणजे जवळजवळ तीस लाखांनी, मग आलं सव्वापाच किलो. एका हाताने उचलता येते, वळते पटकन आणि रुंद असल्यामुळे आत हात घालून काम करता येतं, हे शेवटचं किती मोलाचं आहे ते तळ्याकाठी घाईत वायर जोडायची वेळ आली की कळतं.

आता हलकी बोट म्हणजे नेमकं काय, इथे बऱ्याच जणांचा घोळ होतो. बोटीचं एकूण वजन तुमच्या हातात नसतंच, ती वॉटरलाइनपर्यंत, म्हणजे खऱ्या जहाजाला पाणी जिथवर टेकतं त्या रेषेपर्यंत, बसली पाहिजे म्हणजे सव्वापाच किलो भरलीच पाहिजे. हलका ठेवायचा तो सांगाडा, डेक आणि वरचे मनोरे, कारण तिथे वाचवलेला प्रत्येक ग्रॅम तुम्हाला शिशाच्या रूपात तळाला टाकता येतो. माझ्या बोटीचा सांगाडा, डेक, मनोरे सगळं मिळून सव्वा किलोच्या आत बसवलं, उरलेले चार किलो बॅटरी, मोटर, पंप आणि शिसं, सगळं खाली. तोच सांगाडा जाडजूड केला असता तर तेवढंच वजन वर राहिलं असतं आणि थोडं पाणी शिरताच बोट आडवी झाली असती.

सांगाड्यासाठी प्लॅन स्केलला प्रिंट करा आणि ३ मिमीच्या वॉटरप्रूफ प्लायमधून फासळ्या कापा. मधला भाग पोकळ काढा, नुसती चौकट उरली पाहिजे. कणा एकदम सरळ टेबलावर पिन करून मग एकेक फासळी उभी करायची, सुपरग्लूचा थेंब लावून आधी जागेवर धरायची, सगळं काटकोनात आहे बघितलं की मग इपॉक्सी. दोन फासळ्यांत किती अंतर हवं, तळ कुठपर्यंत कडक चालतो हे तुम्ही ज्यांच्याबरोबर खेळणार त्यांच्या नियमात बघून घ्या, बहुतेक ठिकाणी वॉटरलाइनच्या खाली साधारण एक इंचापर्यंत बाल्सा असावा लागतो आणि त्याच्या खाली तळ कडक चालतो. इपॉक्सीचा हात पातळ ठेवा, भसाभस ओतली की पाव किलो कुठे गेला कळत नाही. मनोरे फोमशीटचे करा, वरून पातळ प्लास्टिक, लांबून ओळखू आलं की झालं.

बाल्साच्या आतून सिल्कस्पॅन नावाचा पातळ चिवट कागद डोप (मॉडेलसाठीचं लॅकर) लावून चिकटवायचा, म्हणजे छर्रा लागला की स्वच्छ गोल भोक पडतं, नाहीतर कोरडा बाल्सा शिरेतून उभा फाटतो आणि एका छर्र्यात बोटभर फट पडते. कातडी कायमची चिकटवू नका, दर काही लढायांनी ती सोलून नवीन लावायची असते.

आता पाणी. हे नीट वाचा कारण नवीन बोटी जास्त करून इथेच जातात. ताटात पाणी घेऊन चालून बघा, ताट जरा कललं की सगळं पाणी त्याच बाजूला धावतं आणि ताट अजूनच कलतं. सपाट तळाच्या बोटीत हेच होतं, दोन पेले पाणी आत आलं, तुम्ही जोरात वळलात, पाणी एका कडेला गेलं आणि बोट कलंडली, भोकं मोजकीच असली तरी. म्हणून तळाला दोन्ही बाजूंनी फोम भरून वर इपॉक्सीचा हात द्यायचा आणि मधोमध दोन बोटं रुंद नाली ठेवायची, पुढून आणि मागून पंपाकडे उतरती. पाणी आलं तरी मध्येच राहतं आणि थेट पंपाच्या तोंडाशी जातं. बॅटरी नालीच्या दोन्ही बाजूंना सारखी वाटून ठेवा, मधे आडवी टाकून नाली अडवू नका.

पंप म्हणजे उभी मोटर आणि खाली फिरणारा इंपेलर, म्हणजे पाणी फेकणारं पात्यांचं चाक, काही अवघड नाही, पण त्याला गाळणी पाहिजेच. माझी पहिली बोट भोकांनी नाही बुडाली. छर्रा आत शिरताना बाल्साची नखाएवढी ढलपी घेऊन आला, ती तरंगत नालीतून गेली आणि इंपेलरमध्ये अडकली, पंप गुरगुरला आणि थांबला, दीड मिनिटात बोट तळाला. बाहेर काढून उघडलं तर ती ढलपी ब्लेडच्या कडेला अशी घट्ट बसली होती की चिमट्याने ओढावी लागली. तेव्हापासून पंपाभोवती बारीक जाळीचा पिंजरा ठेवतो, तळहाताएवढा मोठा, कारण लहान जाळी स्वतःच तुंबते. पाणी बाहेर टाकायच्या भोकाला नियमात माप ठरलेलं असतं, ते पाळा.

बॅटरीला लिथियम आयर्न फॉस्फेटचे दोन सेल सिरीजमध्ये, ६.४ व्होल्ट, जुनी सहा व्होल्टची लेड ॲसिडही चालते पण तिची जागा तुम्हाला ठरवता येत नाही, ती जिथे मावेल तिथेच. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवाच. साध्या ब्रश मोटर बऱ्यापैकी पाणी सोसतात, रिसीव्हर मात्र बंद डबीत घाला आणि अँटेना मनोऱ्यात वर काढा कारण २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल पाण्यातून जात नाही. सिग्नल गेला की मोटर थांबेल असा फेलसेफ सेट करून घ्या, ट्रान्समीटर मुद्दाम बंद करून बघा खरंच थांबते का.

आणि तोफ? पहिल्या वेळी बसवूच नका असं मी मनापासून सांगेन. या खेळात बिनतोफेची मालवाहू जहाजं ताफ्यात असतातच, तसंच तुमच्या बोटीतही तोफेची जागा आणि वजन मोकळं ठेवून आधी नुसतं पळायला, वळायला, मार खायला शिका. तोफा कार्बन डायऑक्साइडच्या दाबावर चालतात, तो दाब घरी प्रयोग करायचा विषय नाही, पुढे लागेल तेव्हा जुन्या खेळाडूकडून तयार, तपासलेली घ्या आणि त्याच्यासमोरच बसवा. तळ्याकाठी सेफ्टी गॉगल मात्र पहिल्या दिवसापासून, बघ्यांनासुद्धा. छर्रा पाण्यावरून उडून कुठेही येतो.

तळ्यावर जायच्या आधी टबमध्ये सोडा. शिसं हलवत हलवत वॉटरलाइन दोन्ही बाजूंना सारखी आणा, मग पंप बंद ठेवून मगाने अर्धा लिटर पाणी आत ओता आणि बोटीला बोटाने एका बाजूला दाबून सोडा. परत सरळ झाली तर ठीक, तशीच कलून राहिली तर वरचं काहीतरी कमी करा किंवा नाली खोल करा. मग पंप चालू करून किती सेकंदात आत पाणी उरत नाही ते मोजा, पुढे लढाईत तो आकडा डोक्यात असला की कधी काठाकडे वळायचं ते कळतं. फ्लोट आणि दोरी पण इथेच तपासा, बोट मुद्दाम बुडवून.

फास्ट गनच्या गुणांत वॉटरलाइनच्या वरच्या भोकाला १०, रेषेवरच्याला २५ आणि खालच्याला ५० धरतात, त्यामुळे लढाई झाली की काठावर बसून सगळे भोकं मोजतात. मोजून झालं की लगेच बॅटरी काढा, मोटरच्या बेअरिंगला तेलाचा थेंब द्या, शाफ्टच्या नळीत नवीन ग्रीस भरा आणि डेक उघडा ठेवून बोट रात्रभर वाळू द्या, भोकं बुजवायचं काम दुसऱ्या दिवशी सकाळी, ओल्या बाल्सावर काही चिकटत नाही.