यूकेत नवीन आलेल्या आपल्या बेळगावकडच्या बायकांसाठी : ब्रेस्ट सर्जरीआधी सर्जन कसा तपासायचा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडून नवीन आलेल्या बायका मला जीपी म्हणजे इथला घरचा डॉक्टर कसा मिळवायचा, कौन्सिल टॅक्स कसा भरायचा असं काय काय विचारत असतात, त्यात हल्ली ब्रेस्ट सर्जरीचा पण प्रश्न येतोय, आणि तो येतो तो नेहमी "अक्का, कुणाला सांगू नका हं" म्हणूनच. कुणाला बाळंतपणानंतर करायचंय, कुणाच्या दोन्ही बाजू सारख्या नाहीत, कुणाची छाती जड म्हणून मान-पाठ दुखते. ह्यात लाजण्यासारखं काय सुद्धा नाही. पण लाज वाटते म्हणून चार ठिकाणी चौकशी होत नाही आणि इन्स्टाग्रामवर दिसलेल्या पहिल्याच क्लिनिकला डिपॉझिट भरून मोकळ्या होतात, मला काळजी ह्याची आहे.

गावाकडं आपण डॉक्टर कसा ठरवतो, मावशीचं ऑपरेशन केएलई हॉस्पिटलात कुणी केलं, मिरजेला कोण चांगला, कोल्हापूरला कोण. तिथं ते चालतं कारण त्याच डॉक्टरचा पेशंट चार घरं सोडून राहतो, जाऊन विचारता येतं. इथं तसं कोण नाही, म्हणून इथं नाव रजिस्टरवर बघायचं, आणि ते पण क्लिनिकचं नव्हे, प्रत्यक्ष ऑपरेशन करणाऱ्या माणसाचं.

जनरल मेडिकल कौन्सिल म्हणजे जीएमसी, इथल्या डॉक्टरांची नोंदणी करणारी संस्था, त्यांचं रजिस्टर ऑनलाईन आहे, फुकट आहे, कुणीही बघू शकतं. क्लिनिककडून सर्जनचं पूर्ण नाव आणि ७ आकडी जीएमसी नंबर मागून घ्या, कारण एका नावाचे खूप डॉक्टर असतात (आणि सर्जनच्या नावाआधी डॉक्टर न लिहिता मिस्टर किंवा मिस लिहिलेलं असलं तर दचकू नका, ती इथली जुनी पद्धत आहे). नंबर द्यायला कोण आढेवेढे घेत असेल तर तिथंच विषय सोडून द्या. रजिस्टरवर आधी बघायचं की लायसन्स चालू आहे का, कारण नाव रजिस्टर असूनही लायसन्स नसलेले डॉक्टर असतात. मग बघायचं स्पेशालिस्ट रजिस्टरवर, म्हणजे तज्ज्ञ डॉक्टरांच्या यादीत, आहे का आणि तिथं प्लास्टिक सर्जरी लिहिलंय का. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण इथं प्रायव्हेटमध्ये कुठलाही लायसन्सवाला डॉक्टर कायद्यानं कॉस्मेटिक सर्जरी करू शकतो आणि 'कॉस्मेटिक सर्जन' ही पाटी लावायला वेगळी काय परवानगी लागत नाही. कॅन्सरच्या ब्रेस्ट सर्जरीचे काही सर्जन जनरल सर्जरीखाली दिसतात, त्यांच्याकडं हे ट्रेनिंग असू शकतं, पण ते सरळ विचारून घ्या. वॉर्निंग किंवा कामावर अटी घातल्या असतील तर त्या पण तिथंच दिसतात.

डिग्रीत आपल्या लोकांची एक गफलत हमखास होते. भारतात एमएस झाल्यावर एमसीएच म्हणजे प्लास्टिक सर्जरीचं खरं सुपरस्पेशालिटी ट्रेनिंग, म्हणून इथं नावापुढं एमसीएच बघितलं की आपण निर्धास्त होतो. इथल्या युनिव्हर्सिटीची एमसीएच म्हणजे तसलं ट्रेनिंग नव्हे. इथं बघायचं एफआरसीएस, ही सर्जनची वरची परीक्षा, आणि त्याच्या पुढं प्लास्ट म्हणजे प्लास्टिक सर्जरी. एमआरसीएस ही तर सुरुवातीची परीक्षा, तेवढ्यावर भुलू नका.

भेटायला जाल तेव्हा सर्जन स्वतः बोलला पाहिजे. २०१६ पासून जीएमसीचा नियमच आहे की जो ऑपरेशन करणार त्यानंच समजावून संमती घ्यायची, ते काम गोड बोलणाऱ्या कोऑर्डिनेटरवर सोडायचं नाही. "आजच बुक केलं तर डिस्काउंट" असं कोण म्हणालं तर उठून या. विचारा की, तुम्ही हेच ऑपरेशन वर्षाला किती करता, परत करायची वेळ कितीजणींवर येते, भूल कोण देणार, रात्री रक्त यायला लागलं तर फोन कुणाला करायचा. इंग्रजी अडतंय म्हणून गप्प बसू नका, लिहून न्या, वाचून विचारा. हॉस्पिटल इंग्लंडमध्ये असेल तर सीक्यूसीचा, म्हणजे तिथल्या हॉस्पिटलांची तपासणी करणाऱ्या संस्थेचा, रिपोर्ट पण वाचा.

आता तुर्कस्तानचं पॅकेज. हॉटेल, गाडी, सर्जरी सगळं एका किमतीत, आणि कितीतरी वेळा सर्जनचं नाव तिथं पोचेपर्यंत कळतच नाही. जीएमसीचा तिथं काय हात पोचत नाही. नाव लेखी मागा, तो तिथला प्लास्टिक सर्जरीचा स्पेशालिस्ट आहे का आणि आयसॅप्स ह्या प्लास्टिक सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मेंबर यादीत सापडतो का बघा, हॉस्पिटलकडं तिथल्या आरोग्य मंत्रालयाचं हेल्थ टुरिझमचं सर्टिफिकेट आहे का विचारा. छातीच्या सर्जरीनंतर ५ ते ७ दिवस विमानात बसू नका असं इथं सांगतात, तीन दिवसात परत आणणारं पॅकेज त्यात कसं बसतं? परत येऊन जखम चिघळली तर एनएचएस म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा जीव वाचवेल, पण आकार नीट करून देईलच असं नाही.

सुट्टीत गावाकडं जाऊन करून येणार असाल तर एमसीएच किंवा डीएनबी, आणि ते प्लास्टिक सर्जरीतलंच, हे बघा. बेळगाव-हुबळीचा डॉक्टर कर्नाटक मेडिकल कौन्सिलकडं शोधा, कोल्हापूर-पुण्याचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडं. एका यादीत नाही म्हणजे बोगस असं लगेच धरू नका, आपला भाग सीमेवरचा, दुसरीकडं पण बघा. नुसतं एमबीबीएस नोंदलंय की वरची डिग्री पण, तेवढं बारकाईनं बघा.

छाती जड म्हणून त्रास असेल किंवा कॅन्सरनंतर करायचं असेल तर पैसे भरण्याआधी जीपीला भेटा. कॅन्सरनंतरची सर्जरी एनएचएसमध्ये होते, छाती लहान करायची काही ठिकाणी होते.

इम्प्लांट, म्हणजे छातीत बसवतात ती पिशवी, कुठल्या कंपनीचं, हे पण सर्जनइतकंच नीट विचारा. २०१० मध्ये फ्रान्सच्या पीआयपी कंपनीच्या इम्प्लांटमध्ये वैद्यकीय नसलेलं, इंडस्ट्रीतलं सिलिकॉन निघालं आणि आपल्या अंगात कुठलं हे कितीतरी बायकांना माहीतच नव्हतं. म्हणून कंपनी, साइझ, सीरियल नंबर असलेलं कार्ड हातात घेतल्याशिवाय डिस्चार्ज घेऊ नका. इम्प्लांट जन्मभराचं नसतं, पुढं कधीतरी बदलायला लागू शकतं, तेव्हा हेच कार्ड लागतं. त्याचा फोटो काढून जीपीकडं नोंद करून ठेवा, आणि पन्नाशीनंतर मॅमोग्रामचं, म्हणजे कॅन्सर तपासायच्या छातीच्या एक्स-रेचं, पत्र आलं की जायच्या आधी फोन करून इम्प्लांट आहे म्हणून सांगा, त्यांना एक्स-रे जरा वेगळ्या पद्धतीनं काढावे लागतात.