स्वयंपाकघराची लादी: आधी लेव्हल, मग दुकान

ठाण्याच्या नौपाड्यातल्या जुन्या घरात आम्ही सगळं उलटं केलं. शनिवारी दुकानात लादी आवडली, सोमवारी काम सुरू. तोडफोड नको म्हणून जुन्या लादीवरच नवी बसवली. "ताई, चार सूतच तर वर येईल," मिस्त्री म्हणाला. इंचाचे आठ सूत, म्हणजे अर्धा इंच. तेवढ्यानेच दार अडकलं, सुताराकडून खालून तासून घ्यावं लागलं. हॉलमधून आत येताना सासूबाईंना रोज ठेच. ड्राय बाल्कनीतही (स्वयंपाकघराला लागून धुण्याच्या मशीनची छोटी बाल्कनी) तसाच थर चढवला आणि ढाळ द्यायचा राहिला, त्यामुळे मशीनचं पाणी जाळीकडे न जाता थेट फ्रिजखाली.

घोडबंदर रोडच्या फ्लॅटचं काम काढलं तेव्हा म्हणून दुकान शेवटी ठेवलं.

लेव्हल मोजा

पारदर्शक नळीत पाणी भरा, बुडबुडा राहू देऊ नका. हॉलच्या दाराशी तयार लादीपासून बरोबर ३६ इंचांवर पेन्सिलची खूण करा. एकाने नळीचं एक टोक तिथे धरायचं, दुसऱ्याने दुसरं टोक घेऊन स्वयंपाकघराच्या प्रत्येक कोपऱ्यात जायचं. पहिल्या टोकातलं पाणी खुणेवर स्थिर झालं, की दुसऱ्या टोकात ते जिथे थांबेल तिथे भिंतीवर खूण. मग प्रत्येक खुणेपासून खाली टेप लावा. आकडा ३६ पेक्षा कमी आला तर तिथे जमीन उंच, जास्त आला तर खोल. आमच्याकडे खिडकीच्या कोपऱ्यात ३५ इंच ५ सूत आलं, ड्राय बाल्कनीच्या तोंडाशी ३६ इंच २ सूत. म्हणजे एकाच खोलीत पाच सुतांचा फरक, आणि इतकी वर्षं डोळ्यांना कळलाही नव्हता. मिस्त्रीकडे लेझर असेल तर काम लवकर होतं, पण आकडे कागदावर तुम्ही स्वतः लिहा.

तोडायचं की वर चढवायचं?

लादी साधारण ९ मिमी आणि खाली अॅडहेसिव्ह (लादी चिकटवायचा मसाला) ४-५ मिमी धरा, म्हणजे लादीवर लादी घातली की चार-साडेचार सूत वर येणारच. हॉलचीही लादी बदलणार असाल तर हरकत नाही. फक्त जुनी लादी नाण्याने ठोकून बघा. पोकळ वाजली तर तिच्यावर काही चढवू नका. ओटा तोच राहणार असेल तर तो अर्ध्या इंचाने बुटका होईल, हेही धरा.

हॉल तसाच ठेवायचा असेल तर तोडणंच बरं. तोडल्यावर सिमेंट-वाळूचा थर किती जाड होतोय यावर लक्ष हवं. ८ बाय १० फुटांच्या स्वयंपाकघरात ४० मिमीचा थर सुमारे ६०० किलो भरतो. जुना मलबा काढल्याशिवाय त्यावर असं ओझं टाकू नये. ड्राय बाल्कनीत ब्रेकर (तोडायचं विजेचं मशीन) लावू देऊ नका, छिन्नी-हातोड्याने हळूच काढायला सांगा. खालचं वॉटरप्रूफिंग फुटलं तर खालच्या मजल्यावरचे शेजारी वर येणारच. तिथे नवं वॉटरप्रूफिंग केलंत तर लादी बसवण्याआधी २४ तास पाणी भरून ठेवा. सोसायटीचं पत्र, कामाच्या वेळा आणि मलब्याच्या गोण्यांचं मात्र आधी विचारून घ्या.

आता दुकान

जमिनीला मॅट, म्हणजे चकाकी नसलेली, व्हिट्रिफाइड लादी. ती पाणी जवळजवळ शोषत नाही, ०.५ टक्क्याच्या आत. चकचकीत लादीवर तेलाचा थेंब पडला की पाय सटकतो. अगदी खरखरीतही नको, फडकं अडकतं आणि मळ बसतो. दुकानातून एक तुकडा मागून आणा, हळद कालवलेलं तेल लावून तासाभराने पुसा. भिंतीला सिरॅमिक चालते, तिथे चकाकीही चालते. पांढऱ्याशुभ्र जमिनीवर केस दिसतो, काळ्यावर पीठ. माझं मत, मधला राखाडी किंवा बदामी घ्या आणि विसरून जा.

२ बाय ४ फुटांच्या लादीचा मोह पडतो. लहान खोलीत तिचे तुकडे जास्त वाया जातात आणि लांब लादीला थोडा बाक असतोच, त्यामुळे अर्ध्यावर सांधा आला की कड वर दिसते. ड्राय बाल्कनीत तर १ बाय १ फुटाचीच घ्या, मोठ्या लादीला जाळीकडे ढाळ देता येत नाही. ढाळ मीटरमागे सुमारे १ सेंमी हवा.

२ बाय २ च्या पेटीत चार लाद्या, साधारण साडेपंधरा चौरस फूट. ८० चौरस फुटांत दहा टक्के वाढवले की सहा पेट्या. सगळ्या पेट्यांवरचा बॅच आणि शेड नंबर एकच आहे ना ते टेम्पोतून उतरतानाच बघा.

बसवताना

सिरॅमिक लादी आधी भिजवतात, व्हिट्रिफाइड नाही. तिला नुसत्या सिमेंटच्या घोळापेक्षा अॅडहेसिव्ह चांगलं धरतं, तेही दातेरी थापीने सगळीकडे पसरलेलं. चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवून दाबलेली लादी मधे पोकळ राहते. दोन लाद्यांमधे सारखी फट राहावी म्हणून लावायचा स्पेसर २ मिमीचा. शेगडीमागे आणि जमिनीवर सांध्यांत भरायला इपॉक्सी ग्राउट परवडत असेल तर घ्याच, साधा सांधा हळदीने महिन्यात पिवळा होतो. इपॉक्सीचा पांढुरका थर मात्र लगेच पुसून घ्या, वाळल्यावर निघत नाही.

ग्राउट भरायच्या आधी, मिस्त्री समोर असताना, ड्राय बाल्कनीच्या जाळीपासून सर्वात लांबच्या कोपऱ्यात तांब्याभर पाणी हळूच ओता. कुठे थांबतंय ते दोघांनी बसून बघा. थांबलं तर ती लादी त्याच दिवशी उचलायला लावा.